ओहोळापलीकडील सर्व घरे

अलीकडे

वेळोशीत वेगवेगळ्या नावांच्या वाड्या नाहीत. दोन काठ आहेत. मधून ओहोळ जातो. कुठल्याही काठावर उभं राहून समोरची घरं कुणाची म्हणून विचारलं, तर उत्तर एकच मिळतं.

"ती? ती पलीकडची."

गिरजा जन्मली त्या काठाला शाळा आहे. लग्न होऊन आली त्या काठाला भाताची गिरण आहे. पोरं शिकायची तर तिकडं, भात भरडायचं तर इकडं. लग्नाच्या दिवशी ती चपला हातात घेऊन कोरड्या दगडांवरून सासरी आली होती. वैशाखातलं लग्न, त्यामुळे ओहोळात पाणी नव्हतं. वाजंत्र्यांची पंचाईत झाली. एक गाणं पुरतं वाजायच्या आत सासर आलं.

पावसाळ्यात मात्र गिरजाला माहेर दिसतं, पण जाता येत नाही. आईनं अंगणात सूप झाडलेलं दिसतं. भाऊ हरेश कल्याणच्या कामावरून उशिरा परतलेला, त्याच्या हातातली बॅटरी दिसते. बोलायचं तर ओरडावं लागतं आणि ओहोळाचा आवाज एवढा, की शब्दाचं पहिलं अक्षर पाण्यातच जातं. "गिरजे" पलीकडं पोचेपर्यंत नुसतं "रजे" होतं. "मीठ आहे का" चं "ठ आहे का" होतं. लोकांना सवय आहे. उरलेल्या अक्षरांवरून ओळखतात.

खाली सावरखोलला, म्हणजे मोठ्या गावात, डांबरी रस्त्यावर पूल आहे. तिथून वळसा घालायचा तर सकाळची शाळा जेवणाच्या सुट्टीत गाठावी लागते. म्हणून गिरजाची मुलगी माधुरी आषाढापासून नवरात्रापर्यंत मामाकडं राहते. पहिलीला असल्यापासून. आता चौथीला गेली. दर वर्षी परत येते तेव्हा तिच्या केसांना मामीच्या तेलाचा वास असतो आणि भाकरी मोडायची पद्धत बदललेली असते.

गिरजाला एकच गोष्ट हवी होती. ओहोळावर साकव. पूल नको, गाडी जायला नको. दोन माणसं अंग चोरून एकमेकांशेजारून जातील एवढा पायापुरता साकव, म्हणजे पोर पावसाळ्यात शाळेतून घरी येईल आणि आपल्या आईजवळ झोपेल.

हे तिनं ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलंही होतं. सगळे सदस्य सावरखोलचे. त्यांनी चहा दिला.

चावडीवरचा कागद

प्रारूप प्रभाग रचना. प्रभाग क्र. २ : सावरखोल खालची आळी, तसेच मौजे वेळोशी पैकी उर्वरित घरे. प्रभाग क्र. ३ : मौजे वेळोशी पैकी ओहोळापलीकडील सर्व घरे. सदस्य दोन, पैकी एक जागा स्त्रियांसाठी राखीव. हरकती असल्यास मुदतीत द्याव्यात.

अलीकडे

हा कागद सत्त्याण्णव साली ज्येष्ठात लागला. गिरजाचा धाकटा दीर नथू तो वाचून धावतच घरी आला आणि ओटीवर बसायच्या आधी बोलायला लागला.

"वयनी, तयारीला लाग. तुला उभी करायची."

गिरजा चुलीपाशी होती. "कुठं उभी?"

"अगो, निवडणुकीला! आपल्या वेळोशीचे दोन तुकडे केले. सगळी वेळोशी एका प्रभागात घातली तर माणसं जास्ती होतात, आन सावरखोलच्या खालच्या आळीला कमी पडतात. माप सारखं करायचा कायदा आलाय. म्हनून अर्धी वेळोशी त्यांच्यात ढकलली. आन अर्ध्या वेळोशीचा सोतंत्र प्रभाग. त्यात बाईची जागा. एकदा का आपला मानूस आत गेला, की साकव झालाच समज."

"अर्धी म्हंजे कुठली?"

"पलीकडची."

गिरजानं फुंकणी खाली ठेवली. "मंग आपन कुठं आलो त्यात? पलीकडं तर माझं माहेर."

नथूनं बोटानं हवेत ओहोळ काढला, इकडं एक टिंब दिलं, तिकडं एक टिंब दिलं. "हे बघ. कागद लागला सावरखोलच्या चावडीवर. सावरखोलवरनं तलाठी निघाला तर त्याला आपन पलीकडं."

"सावरखोल तर ओहोळाच्या दोनी अंगांना हाय."

"तू आता बाजू आपली घे ना!" नथू ओरडला. "चावडीवरच ठरवलंय आमी. पलीकडं म्हंजे आपन."

गिरजाचा नवरा कोंडू कोपऱ्यात दोरी वळत होता. त्यानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मंग त्यांना काय बोलायचं?"

"कुणाला?"

"पलीकडच्यांना."

नथूनं बराच विचार केला. "त्यांना आता अलीकडचे बोलायचं."

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गिरजा माधुरीला पोचवायला निघाली. वर डोंगरात पाऊस झाला होता. ओहोळ वाढत होता, पण अजून उतार मिळत होता. माधुरीच्या डोक्यावर कपड्यांचं गाठोडं, गिरजाच्या कडेला तांदळाची पिशवी. पाणी पोटरीला लागलं, मग गुडघ्याला. मधल्या काळ्या कातळापाशी दोघी दम घ्यायला थांबल्या, आणि गिरजा नेहमीप्रमाणे सांगायला लागली, की आता इथून पुढं

पलीकडे

मामीचं ऐकायचं, प्रज्वलला रडवायचं नाही आणि पाण्याच्या कडेला जायचं नाही.

"म्हाईत हाय आय," माधुरी म्हणाली. "दर साली तेच सांगतेस."

हरेशच्या दारात त्याची बायको अनिता भात पाखडत होती. तिचा दीड वर्षाचा प्रज्वल माधुरीला बघताच हात पसरून रडायला लागला. माधुरीनं गाठोडं टाकलं आणि त्याला कडेवर घेतलं. पुढचे चार महिने तो तिथंच असणार हे गिरजाला ठाऊक होतं. अनिताला लावणीला जायचं असायचं, पोराला बघायला कुणी नसायचं. माधुरी शाळेतून आली की प्रज्वल तिचा.

"बरं झालं आलात वन्सं," अनिता म्हणाली. "एक गंमत सांगायची व्हती. यांनी मला निवडनुकीला उभी करायची ठरवलीय."

गिरजानं तांदळाची पिशवी खाली ठेवली नाही. "कुठनं?"

"हितनंच की. बाईची जागा पडली ना आपल्याला. पलीकडच्या प्रभागात."

"पलीकडं तर आमी."

अनिता हसली. "असं कसं वन्सं? तुमी काल सोता वरडून विचारलं नाय का, 'पलीकडं पाऊस हाय का' म्हनून? पलीकडं म्हंजे हितंच ना?"

"ते मी तिकडनं विचारलं."

"मंग तलाठ्यानं कुठनं लिवलं?"

आतून हरेश आला. बहिणीला बघून त्याला आनंद झाला आणि लगेच अवघडल्यासारखंही झालं. "ताय, तू बी उभी ऱ्हातेस का? नथूनं ठरवलं आसंल."

"उभी कुठनंबी ऱ्हाता येतं बोलतात."

"ऱ्हाता येतं. पन मतं? जी वाडी प्रभाग तीनमंदी, तिची मतं तीनला. दुसरी वाडी सावरखोलच्या पोटात गेली. तिथं तुला कोन इचारतो?"

"साकव तू घालशील का?" गिरजानं अनिताला एकदम विचारलं.

"घालीन की," अनिता म्हणाली. "का नाय घालनार?" मग सुपातले खडे वेचत, खाली बघूनच म्हणाली, "पन माधुरी हितं ऱ्हाते त्याचं काय मला वझं नाय हां वन्सं. तसं मनात आनू नका. ती नसली तर माझंच अडतं."

हे वाक्य चांगलं आहे की वाईट, ते गिरजाला परत येताना कातळापर्यंत कळलं नाही आणि कातळापासून घरापर्यंतही कळलं नाही.

दोन्हीकडे

मग एक विचित्र गोष्ट झाली. जन्मभर ज्या माणसांनी स्वतःला कधी पलीकडचं म्हटलं नव्हतं, ती म्हणायला लागली.

"दुपारला आमच्या पलीकडं ये जेवायला."

"येतो. पन तू पलीकडं कधी गेलास?"

"मी हितंच हाय. हेच पलीकडं."

गिरणीवाल्यानं पाटी रंगवून घेतली: वेळोशी (पलीकडची) भात गिरण. समोरच्या काठावर तीन दिवसांत शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं दिसलं: पलीकडची शाळा. एकमेकांना हिणवायचं असलं की लोक "अरे अलीकडच्या!" अशी शिवी द्यायला लागले आणि ऐकणाऱ्याला खरोखर राग यायला लागला. शेणव्याच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या बाईनं धोंडीबाईला सहज विचारलं, तुमी अलीकडच्या का पलीकडच्या, तर धोंडीबाई, जिच्या तोंडात दोनच दात होते, मिरच्या न घेताच घरी आली.

सगळ्यात हाल पोरांचे. विटीदांडूत विटी ओहोळापार गेली की पूर्वी कोणी आणायची ते ठरलेलं होतं. आता दोन्हीकडची पोरं काठावर उभी राहून भांडायची आणि विटी तिसऱ्याच दिशेला वाहून जायची.

आषाढात ओहोळ भरला. माधुरी तिकडं, गिरजा इकडं. एका संध्याकाळी गिरजा काठावर गेली.

"माधुरी! जेवलीस का?"

उत्तर आलं. शेवट तेवढा ऐकू आला. "...लीकडं भाकरी का कालवन?"

पोर विचारत होती, पलीकडं भाकरी की कालवण. म्हणजे आईच्या घरी आज काय. आईचं घर तिला पलीकडं झालं होतं. किंवा कदाचित ती म्हणाली असेल अलीकडं. सगळ्या वेळोशीचं बोलणं उलटंसुलटं झालेलं, पोरानं कुठला शब्द धरला असेल कोण जाणे. गिरजानं दोन्ही अक्षरं आपल्या तोंडात लावून बघितली. अ. प. कुठलंही लावलं तरी पोर तिकडंच होती.

तालुक्याला

दोन्ही काठांनी हरकती दिल्या होत्या. श्रावणात सुनावणी लागली. नथूनं जीप ठरवली आणि सबंध वाटेत गिरजाला पढवत राहिला.

"साहेब इचारतील, तुमी कुठं ऱ्हाता. काय सांगशील?"

"वेळोशी."

"वेळोशीत कुठं?"

"हितं. म्हंजे तिथं."

"वयनी! पलीकडं! बोल, आमी पलीकडं ऱ्हातो."

"आमी," गिरजा म्हणाली, "पली..." आणि हसायला लागली. स्वतःच्या घराला पलीकडं म्हणताना जिभेला कसंतरी व्हायचं. बाजूला बसलेल्या धोंडीबाईनं तिच्या मांडीवर चापट मारली. "हसू नको. जागा जाईल."

कचेरीच्या व्हरांड्यात हरेश आणि अनिता आधीच आले होते, सोबत म्हातारा मंगळू. अनितानं वाकून धोंडीबाईच्या पाया पडून घेतलं. मंगळूनं नथूला तंबाखू दिली. मग सगळ्यांना आठवलं, आपण भांडायला आलोय, आणि ते दोन बाकांवर वेगळे बसले.

साहेबांच्या टेबलावर दोन अर्ज होते. दोन्हींत एकच मागणी, की ओहोळापलीकडील घरे म्हणजे आमचीच घरे असे जाहीर व्हावे.

"तुमची हरकत काय?" साहेबांनी मंगळूला विचारलं.

मंगळू हात जोडून उठला. "आमची कसली हरकत साहेब? आमची काय हरकत नाय."

"नाही? मग अर्ज मागे घेता?"

हरेशनं म्हाताऱ्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं. "हाय साहेब, हरकत हाय! ते आपले बोलायची रीत म्हनून बोलले."

साहेबांनी तलाठ्याला पुढं बोलावलं. गावात त्याला भाऊसाहेब म्हणत. मुरबाडकडचा माणूस, वर्षापूर्वीच बदलून आलेला. त्यानं एक कच्चा नकाशा टेबलावर पसरला. मधून एक रेघ, रेघेच्या दोन्ही बाजूंना ठिपके. साहेबांनी कागद बघितला, मग उलटा फिरवून बघितला. दोन्हीकडून तो सारखाच दिसत होता.

"यात उत्तर कुठं आहे?"

"साहेब, उत्तर लेखी देऊ का तोंडी?"

"दिशा हो, दिशा! उत्तर दिशा!"

"ती काढायची राहिली," भाऊसाहेब म्हणाला. "पण साहेब, दिशा काढून उपयोग नव्हता. तो ओहोळ वेटोळं घालतो. वरच्या अंगाला जी पूर्व, ती खालच्या अंगाला पश्चिम होते. म्हणून मी गावात विचारलं, की बाबा, तुम्ही काय म्हणता? ते म्हणाले, आमी पलीकडं म्हणतो."

"कोण म्हणाले?"

"सगळे म्हणाले."

"आणि माणसं? आकड्यावरून कळेल की."

"दोन्हीकडं सारखीच आहेत. म्हणून तर माप बसलं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "भाऊसाहेब, हे लिहिलंत तेव्हा तुम्ही कुठं उभे होतात?"

भाऊसाहेबाला आठवेना. पण बाकीच्यांना चांगलं आठवत होतं.

"आमच्याकडं बूट काढले यांनी!" धोंडीबाई ओरडली. "माझ्या अंगणात. कुत्रं हुंगत व्हतं म्हनून बूट हातात घेतले. म्हंजे आमच्याकडनं निगाले. म्हंजे..." ती अडली. आपल्याकडून निघाले म्हटलं तर आपण अलीकडचे होतो, हे तिच्या ध्यानात आलं. "न्हाय न्हाय, काढले नाय. घातले!"

"घातले आमच्याकडं!" मंगळूही उठला. "माझ्या पायरीवर बसून मोजे घातले, हे नीट आठवतंय मला." मग त्यालाही हिशोब लागला. बूट त्याच्याकडं घातले, तर भाऊसाहेब त्याच्याकडं पोचले, मंगळूकडचे पलीकडचे. तो खूश होऊन बसला. पण नथू म्हणाला, परतीच्या वाटेला घातले असतील. आणि मंगळूचा चेहरा उतरला.

"साहेब," भाऊसाहेब एकदम म्हणाला, "आठवलं. मी मधे होतो. कातळावर. दोन्हीकडची कुत्री भुंकत होती, तिथं जरा शांत होतं. तिथं उभं राहून लिहिलं."

"म्हणजे तुम्हाला दोन्ही पलीकडे?"

"होय साहेब."

"आणि अलीकडे?"

भाऊसाहेबानं विचार केला. "पाणी," तो म्हणाला.

बाहेर कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी दोन्ही बाकांकडं पाळीपाळीनं बघितलं. "तुमच्यात दोन्हीकडचं कोणी आहे का?"

नथूनं गिरजाला पुढं ढकललं. ती सून, म्हणजे आपली. हरेशनंही तिच्याकडंच बोट केलं. ती बहीण, म्हणजे आपली. पहिल्यांदाच दोन्ही बाकांचं एकमत झालं. गिरजा टेबलापुढं उभी राहिली, आणि तिच्या तोंडात पढवलेलं वाक्य तयार होतं. आमी पलीकडं ऱ्हातो. आमी पलीकडं ऱ्हातो.

साहेबांनी ते विचारलंच नाही.

"बसा. किती लांबून आलात. मुलंबाळं?"

"एकच पोरगी."

"शाळेत?"

"चौथीला."

"आज शाळेला सुट्टी ना? सोमवार आहे श्रावणातला, अर्धा दिवस. आणायची होती, तालुका बघितला असता."

"कशी आननार साहेब," गिरजा म्हणाली, "ती पलीकडं हाय."

साहेबांचं पेन कागदावर टेकलं.

नथूचा श्वास ऐकू आला. गिरजाला आधी कळलंच नाही काय झालं. मग कळलं. तिनं तोंडावर हात नेला, जणू शब्द अजून तिथं कुठंतरी चिकटलेला असेल आणि परत आत घालता येईल.

"मुलगी कुठे असते?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

आता खोटं बोलून उपयोग नव्हता. "भावाकडं. शाळेच्या अंगाला."

"हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं," साहेब म्हणाले. "बस्स."

आदेश

मौजे वेळोशी येथील ओहोळाच्या ज्या बाजूस प्राथमिक शाळा आहे ती बाजू ओहोळापलीकडील समजण्यात यावी व प्रभाग क्र. ३ मध्ये धरण्यात यावी. ज्या बाजूस भात गिरण आहे ती बाजू अलीकडील समजण्यात यावी व प्रभाग क्र. २ मध्ये धरण्यात यावी. हरकती निकाली.

अलीकडे

परतताना जीप सावरखोलच्या पुलावर आली तेव्हा नथू म्हणाला, "हातातली जागा तोंडानं घालवलीस, वयनी." मग थोड्या वेळानं म्हणाला, "मी बी तेच बोललो असतो." मग लगेच, "पन मला कुनी इचारलं नव्हतं!" तो रागावला होता की नव्हता, ते त्याचं त्यालाच कळत नसावं.

घरी कोंडूनं विचारलं, "काय झालं?"

"आपन अलीकडं झालो," गिरजा म्हणाली.

"ते तर व्हतोच," कोंडू म्हणाला आणि दोरी वळायला लागला.

गिरजाला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. नुसता गोंधळ होता. तिची जागा गेली, हे खरं. अनिताला मिळणार, हेही खरं. अनिता साकव घालीन म्हणाली होती. पण ती नसली तर माझंच अडतं, असंही म्हणाली होती. साकव झाला तर माधुरी संध्याकाळी घरी येणार आणि अनिताचं पोर सांभाळायला कुणी राहणार नाही. मग कशाला घालेल ती? पण अनिता वाईट नव्हती. माधुरीला ताप आला तेव्हा अनितानंच तिला रात्रभर मांडीवर घेतलं होतं. मग घालेल. पण कधी? प्रज्वल मोठा झाल्यावर? तोवर माधुरी कुठल्या शाळेत असेल? हा विचार इकडून सुरू केला की तिकडं पोचायचा आणि तिकडून सुरू केला की इकडं.

गिरणीवाल्यानं पाटीवरचं कंसातलं पुसून टाकलं. धोंडीबाईनं बाजारात मिरच्या घेतल्या.

लीकडे

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस उघडला. सिद्धगडाकडची रांग कधी नव्हे ती स्वच्छ दिसत होती. ओहोळ मात्र दोन्ही काठ घासत चालला होता, गढूळ, फांद्या घेऊन. काळा कातळ पूर्ण बुडालेला. तो कुठं आहे ते फक्त पाणी जिथं वर उचललं जात होतं त्यावरून कळत होतं.

गिरजा काठावर गेली. समोर अनिता कपडे घेऊन आली होती. तिच्या मागं माधुरी, कडेवर प्रज्वल. आता सरकारी हिशोबानं ती तिघं पलीकडं आणि ही अलीकडं, म्हणजे गिरजा लग्नापासून म्हणत आली तसंच. कागदाला फक्त ते मान्य झालं होतं.

"अनिता!" गिरजा ओरडली.

अनितानं कानाला हात लावला.

"साकव! घालनार ना?"

अनितानं मान हलवली. हो म्हणून की ऐकू आलं म्हणून, ते समजलं नाही. मग तिनं दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि लांबलचक काहीतरी ओरडली. पाण्यानं त्यातलं त्याला हवं ते घेतलं. गिरजाकडं पोचलं ते एवढंच:

"...लीकडनं सुरू... लीकडं..."

"काय? कुठनं?"

"...लीकडनं!"

अलीकडनं की पलीकडनं? साकवाला कुठून तरी सुरुवात लागते. पहिला खांब त्या काठाला पडला तर तो त्यांचा साकव. पहिला खांब या काठाला पडला तर आपला. असं नथू म्हणाला असता. गिरजाला वाटलं, आपणही तसंच म्हणतोय की काय आता.

तिनं ओरडणं सोडलं आणि हात वापरला. बोट आधी स्वतःच्या पायांकडं नेलं, मग पाण्यावरून सरळ समोर. इथून, तिथं.

अनितानं ते बघितलं. मग तिनंही बोट आधी स्वतःच्या पायांकडं नेलं, मग पाण्यावरून गिरजाकडं. इथून, तिथं.

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. हे पटलं म्हणायचं की भांडण म्हणायचं? एकच साकव होता तो, का दोन? अनितानं खांदे उडवले. हसत असावी, एवढ्या लांबून दात दिसले फक्त.

मग दोघींनीही माधुरीकडं बघितलं, कारण तिला काहीतरी सांगायचं होतं. पण प्रज्वल कडेवर होता आणि तिनं त्याला दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं, पाण्याची कड होती म्हणून. बोट दाखवायला हात मोकळा नव्हता. तिनं हनुवटी वापरली.

हनुवटी आधी गिरजाकडं गेली. गिरजाच्या पायांकडं, तिच्या मागच्या घराकडं. मग पाण्यावरून मागं येत, आपल्या पायांपाशी.

गिरजानं परत कर अशी खूण केली.

माधुरीनं परत केलं. तसंच. तिथून, इथं.